वीणेच्या पहाऱ्यातली शाल

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एका बापाची गोष्ट सांगते. तो स्वतः ती कुणाला सांगणार नाही.

मी एक जुनी शाल आहे. तपकिरी, लोकरीची, एका काठाला उसवलेली. चितेगावच्या सप्ताहात नारळासोबत मला मोठ्या मानानं साहेबरावांच्या खांद्यावर घातलं. साहेबराव तिथल्याच कंपनीत फिटर, पण गावात त्यांची ओळख वीणेकरी म्हणून. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि ज्याचा पहारा, तो नाम घेत उभा राहतो. कीर्तनात मृदंगावर थाप पडली की माझा धागा न् धागा डोलायचा. साहेबरावांनी पहारा कधी मोडला नाही. लोक कौतुक करायचे, तेव्हा त्यांचे खांदे माझ्याखाली जरा रुंद व्हायचे.

त्यांची मुलगी तनुजा डॉक्टर व्हायला परदेशात, किर्गिझस्तानातल्या बिश्केकला गेली. तिला सोडायला जायचं म्हणून त्यांनी पासपोर्ट काढला होता. पण नेमका श्रावणातला सप्ताह आला. पोर एकटीच गेली.

मग दत्तजयंतीचा सप्ताह. साहेबराव पहाऱ्यावर असताना बंडीच्या खिशातला फोन थरथरू लागला. माझ्या पदराखालीच होता तो. थांबला, पुन्हा थरथरला. पुढचा पहारा सांडूभाऊंचा. ते हातपाय धुऊन शेजारी येऊन बसले होते. हळूच म्हणाले, "दे वीणा इकडं. पोरीचा असंल."

"माझा पहारा हाय. देव बघतोय."

"देव काय घड्याळ लावून बसलाय व्हय?"

साहेबरावांनी डोळे मिटून घेतले.

पहारा संपल्यावर त्यांनी फोन लावला, तो तनुजाची मैत्रीण सदफ हिनं उचलला. ती आपल्याकडचीच, तिथं तनुजाबरोबर शिकणारी. "काका, तनुजा बर्फावर घसरली. मांडीचं हाड मोडलंय. तुमच्याशी बोलल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सहीच करत नव्हती. दाराकडं बघत पडली होती. मग केली सही. आता आत नेलंय ऑपरेशनला."

डॉक्टरांनी सांगितलं, घरचं माणूस सोबत असेल तरच तिला विमानानं पाठवू. तेव्हा कुठं त्या पासपोर्टवर पहिला शिक्का बसला. तिकडं कडाक्याची थंडी, तरी साहेबरावांनी मला पिशवीतून काढलं नाही. मानाची शाल अंगावर घ्यायची त्यांना लाज वाटत होती.

येताना विमानात तनुजा कुडकुडू लागली. तेव्हा मी तिच्या अंगावर आले.

"बाबा, हिला अजून बुक्क्याचा वास येतोय."

"तनू, त्या दिवशी फोन वाजलेला मला कळला होता गं. खिशातच होता."

"माहितीय. मी सदफला म्हटलं, पहारा असंल. पहाऱ्यात बाबा नाय उचलत."

रागानं नाही बोलली ती. या गाडीला चितेगावचा थांबा नाही, असं सांगावं तशी सहज बोलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. साहेबरावांनी माझा काठ मुठीत आवळला, तो दिल्ली येईपर्यंत सोडला नाही. मी उसवले ती तेव्हाच.

आता तनुजा घरात कुबडी घेऊन चालते. यंदाच्या सप्ताहात साहेबराव पहाऱ्यावर होते, खांद्यावर मी. नाम चाललं होतं. फोन थरथरला. त्यांनी वीणा सांडूभाऊंच्या गळ्यात घातली आणि मंडपाबाहेर धावले.

"तनू, काय झालं?"

"काही नाय बाबा. उचलता का ते बघत होते."

साहेबराव मंडपाच्या बाहेरच्या खांबाला टेकले. फोन कानाला लावून ते तसेच उभे राहिले आणि तिनंही तो ठेवला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या शालींना अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण एवढंच मागत नाही. टाळ हातात घेऊन डोळे मिटाल, तेव्हा परक्या मुलखात सही करण्याआधी दाराकडं बघत पडलेली ती पोर आठवा.