मुफिदाचा हात

मुफिदाने खजुराच्या सारणाची परात स्वतःकडे ओढली आणि नजलाकडे पाठ केली.

"तिकडची भांडी घास."

ट्युनिशियातल्या कैरवान शहरातल्या या मिठाईच्या कारखान्यात नजला आल्यापासून भांडीच घासत होती. खरं तर रोजगार खात्याच्या योजनेतून ती इथे मक्रूद, म्हणजे खजूर भरून तळलेल्या रव्याच्या वड्या, करायला शिकायला आली होती. तिला विद्यावेतन सरकार देई, त्यामुळे मालक लतीफच्या, सगळे त्याला आदराने सी लतीफ म्हणत, खिशाला तोशीस नव्हती. शिकवायचं काम होतं मुफिदाकडे. पण रव्यात तूप किती घालायचं एवढं विचारलं, तरी मुफिदा ओठ मिटून घेई. नजला जवळ आली की पिठावर फडकं टाकी. एकदा नजलाने वाकून पाहिलं, तर तिने गरम झारा असा वळवला की नजला मागे कोलमडली. बाकीच्या बाया हसल्या. त्यांनी तिचं नावच 'सरकारची लाडकी' ठेवलं होतं.

त्या दिवशी खात्याच्या बाई पाहणीला आल्या. सी लतीफ त्यांच्या मागेच उभा होता. पोरीला काय काय येतं, असं बाईंनी विचारलं. नजलाने तक्रार कितीदा तरी मनात घोकून ठेवली होती. पण मुफिदा कढईपाशी मान खाली घालून उभी होती. आपण तोंड उघडलं तर हिला आजच घालवतील, असं नजलाला वाटलं.

"मावशींनी सगळं शिकवलंय," ती म्हणाली. "आता माझी मी करते."

बाई समाधानाने निघाल्या. सी लतीफ त्यांना पोचवायला गेला. मुफिदाचा चेहरा उतरला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुमच्यासाठीच बोलले, मावशी."

"पलीकडच्या भट्टीवर सलवा होती. तिने तुझ्यासारख्याच एका पोरीला जीव लावून शिकवलं. पोरगी तयार झाली, आणि सलवा घरी बसली. फुकटात हात मिळाल्यावर पगार कोण देतो?"

तेवढ्यात सी लतीफ परत आला. मुफिदाला त्याने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, अगदी अदबीने सांगितलं. मग कढई नजलाने सांभाळावी, असं म्हणाला.

"मला येत नाही," नजला म्हणाली. "मी खोटं बोलले."

"लाजू नकोस," तो म्हणाला आणि दुकानाकडे निघून गेला.

मुफिदाने एप्रन सोडून खिळ्याला अडकवला, चपला बदलल्या. नजला झारा धरून नुसती उभी होती. कढईतून धूर येऊ लागला तरी तिला कळलं नाही.

दारापर्यंत गेलेली मुफिदा परत फिरली. नजलाला कोपराने बाजूला सारून तिने आच कमी केली.

"धूर दिसायच्या आधी," ती कढईकडे बघत म्हणाली, "तेलाचा वास बदलतो."

मग ती गेली.