मुंगीचा लोड

मी एक जुना लोड आहे, मित्रांनो. बैठकीवर पाहुण्यांनी रेलायचा लोड नव्हे. ज्या मुलांचे हातपाय त्यांचे ऐकत नाहीत, तोल सांभाळताना ज्यांची दमछाक होते, त्यांनी माझ्यावर घोड्यासारखे बसायचे आणि मी त्यांना हळूहळू डोलवायचे, हे माझे काम. आता अंगात त्राण उरलेले नाही, तेव्हा थोडक्यातच सांगतो.

एका गादीवाल्याने मला ठासून भरले आणि वर निळे रेक्झिन चढवले. "ताई, हत्ती बसला तरी दबायचा नाही," असे तो म्हणाला. ताई म्हणजे मुलांना व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट. तिच्या खोलीत मोठा आरसा होता, भिंतीला शिडी होती, पोराएवढे चेंडू होते. पण नवे मूल आले की ती बहुधा आधी माझ्याकडे वळायची. मुले माझ्यावर रडली, ओकली, मला चावलीसुद्धा. कौतुक मात्र चेंडूंचे व्हायचे. ते रंगीत होते ना!

मग मुंगी आली. पाच वर्षांची, काडीसारखी. हे लाडाचे नाव तिच्या बाबांनी ठेवलेले. तिचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बाबांनी येतानाच एक चकचकीत वॉकर विकत आणला होता. मुंगीला त्यात उभे केले, तर ती काखांवर लोंबकळत, चवड्यांवर सरकू लागली.

"बघा, चालतेय!" बाबा म्हणाले.

"चालत नाहीये, लटकलीये," ताई हळूच म्हणाली. "वॉकर वाईट नाही. पण हिला आधी नीट बसता यायला हवं, कंबर सावरायला हवी. अजून त्याची वेळ आली नाही."

"म्हणजे माझी मुलगी जन्मभर या उशीवर बसणार?"

आणि तिला उचलून ते तरातरा निघून गेले.

काही महिन्यांनी ते परत आले, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. मुंगीच्या टाचा आणखीच वर ओढल्या गेल्या होत्या. वॉकर नुसता दिसला तरी ती किंचाळायची. "मी सांगितलं होतं ना," असे ताई म्हणाली नाही. तिने मुंगीला माझ्यावर बसवले आणि तिच्या मागे आधाराला बाबांना बसवले. मी डावीकडे कललो, उजवीकडे कललो. कितीतरी दिवस नुसती रडारड. मग एकदा बाबांच्या वजनाने माझी शिवण टर्रकन उसवली! मुंगी खदाखदा हसली, आणि हसता हसता पडू नये म्हणून तिने पाय टेकला. अख्खा पाय, टाचेसकट. बाबा त्या टाचेकडे बघतच राहिले.

वॉकर त्यांनी ताईकडेच ठेवला. ज्याची कंबर सावरली होती अशा दुसऱ्या एका मुलाला तो असा मानवला, की पोरगा खोली डोक्यावर घेऊ लागला.

माझी शिवण पुन्हा घातली, पण मधोमध मी खचलो तो खचलोच. ताईने नवा लोड मागवला. मुंगी हटून बसली, "मला माझाच हवा!" दिवसभर खपून ताई दमलेली असायची. "बरं बाई, आजच्या दिवस," असे ती रोजच म्हणायची. इकडे माझ्या खड्ड्यात मुंगी एका अंगाला कलंडायची, तिचे पाय पुन्हा एकमेकांकडे ओढले जायचे. मला ते कळत होते. ओरडून सांगावेसे वाटे, पण लोडाचे कोण ऐकणार?

शेवटी बाबाच म्हणाले, "ताई, मागे हट्ट माझा होता. आता हिचा आहे, आणि तुम्ही तो पुरवताय."

ताई खाली बसली. तिने माझा खड्डा मुंगीला हाताने चाचपायला लावला. "हा दमलाय गं. तुला धरायला बघतो, पण त्याला जमत नाही."

मुंगीने मला थोपटले. "झोप तू," म्हणाली, आणि बाबांच्या हाताला धरून नव्या लोडावर चढली. पाठ सरळ, पाय दोन बाजूंना. मला बरे वाटले. वाईटही वाटले, खोटे कशाला बोलू?

हल्ली मी बाहेर भिंतीशी पडून असतो. पाळी येईपर्यंत आईबाप माझ्यावर पाठ टेकतात, कुणी डुलकीही काढतात. परवा एका आजोबांनी मुंगीच्या बाबांना विचारले, "सगळ्यात चांगलं साधन कोणतं हो? तेच घेऊन टाकतो."

"आधी नातवाला आत न्या," बाबा म्हणाले. "ताई त्याला बघू दे. मग ठरेल."

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हातारा वेगळे सांगतो. आमचे दिवस भरले की प्रेमापोटी आम्हाला मुलांच्या गळ्यात मारू नका. आम्हाला बाहेर ठेवा. तिथे थकलेली माणसे बसलेली असतात, त्यांना टेकायला काहीतरी लागतेच.