माझा शेवट दुसरीच्या पोटात

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि तीही प्रेमाची. लगेच तोंडावर हात ठेवून हसू नका. हसणाऱ्यांची मला सवय आहे. लोकांनी चारचौघांत मला पाहून नाकं मुरडली आणि एकटं असताना उशाशी घेतलं. पण मी कधी कुणावर रुसले नाही. वाचणाऱ्यांनी मला भरभरून वाचलं, आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठमोठ्या कागदांवर माझी पानं छापली गेली, मग त्यांच्या घड्या घालून जुड्या केल्या. अशा एका जुडीला फर्मा म्हणतात. फर्म्यावर फर्मा रचून मला दोऱ्यानं शिवलं, खळ लावून पुठ्ठा चिकटवला आणि वर एक सुरेख चित्र दिलं. टपाल कचेरीच्या पायरीवर एक बाई उभी आहे, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातून एक लाजरा घड्याळजी तिच्याकडे बघतो आहे. हीच माझी गोष्ट. दोघांचं एकमेकांवर प्रेम आणि दोघंही मूग गिळून गप्प! सबंध कादंबरीभर वाचणाऱ्याला वाटतं, अरे बोल की रे बाबा एकदाचं.

पुढे मी एका वाचनालयात आले. वर्षअखेरची सुट्टी लागली, की आमच्या फळीसमोर बायकांची नुसती झुंबड उडायची. शिवणकाम करणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या, वर्षभर बूड टेकायला ज्यांना सवड नसायची अशा सगळ्या. सुट्टीत त्या पांघरुणात पाय घेऊन मला वाचत. कुणाच्या बोटांचं पीठ माझ्या पानांत सांडलं, कुणाचा चहा. एकीनं तर घड्याळजीचं दुकान बंद पडायला येतं त्या पानावर इतके अश्रू ढाळले, की ते पान अजून कडक आहे. मी मनातल्या मनात म्हणायचे, रड बाई, मनसोक्त रड, तुझं हक्काचं रडणं आहे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. माझी पाठ उसवली, पुठ्ठा लोंबकळू लागला. नवी, गुळगुळीत पुस्तकं आली आणि मी कपाटामागे पडले. तिथं धूळ आणि झुरळं. कितीतरी सुट्ट्या आल्या नि गेल्या. मला कुणी विचारीना. एक दिवस वाचनालयाच्या बाईंचा रुमाल कपाटामागे पडला, तो काढताना मी त्यांच्या हाती लागले. "अगंबाई, तू इथं होय!" असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला आपल्या बाहीनं पुसलं. तो स्पर्श मला जन्मभर पुरेल.

त्यांनी मला आणि तशाच खिळखिळ्या झालेल्या आणखी एका कादंबरीला बाइंडरकाकांकडे पाठवलं. ती दुसरी म्हणजे बेकरी चालवणारी बाई आणि जहाजाचा कॅप्टन यांची प्रेमकथा. आम्ही दोघी एकाच छापखान्यातल्या, एकाच मापाच्या. सुट्टीच्या आत दोघींना नवी बांधणी हवी होती.

बाइंडरकाका म्हणजे झुबकेदार मिशा आणि घोगरा आवाज. शेजारपाजारची पोरं त्यांना बघून वाट बदलायची. पण या वाघाचं काळीज लोण्याचं! काका प्रेमकथांचे पक्के शौकीन होते. शिवायला बसण्याआधी ते प्रत्येक कादंबरीचा शेवटचा फर्मा बाजूला काढून वाचत. बायकोनं टोकलं, की म्हणत, "पानं नीट आहेत का बघायला नको? उद्या लोक मलाच नावं ठेवतील."

त्या दिवशीही त्यांनी माझा शेवट वाचला, चष्मा पुसला. मग दुसरीचा वाचला. आता तर चष्मा पुसूनही दिसेना. तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली. काकांनी डोळे टिपत घाईघाईनं दोन्ही फर्मे उचलले आणि शिवून टाकले. माझा शेवट दुसरीच्या पोटात गेला आणि तिचा माझ्या. आम्ही ओरडणार कशा, मित्रांनो? आम्हाला वाचल्याशिवाय आवाज नसतो.

सुट्टी लागली. मला मेट्रनबाई घरी घेऊन गेल्या. मोठ्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. सगळं जग सुट्टीवर जायचं तेव्हा या कामावर असायच्या. निवृत्त झाल्या आणि मग सुट्टीत प्रेमकथा वाचायचं व्रतच त्यांनी घेतलं. कडक इस्त्रीची, कुणापुढे डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई. पण मला मांडीवर घेतलं, की चेहरा कसा सैल व्हायचा!

त्याच घरात वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी जाऊ राहायची. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळे तिला गणिताच्या बाई म्हणत. एके काळी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. पण गेल्या सुट्टीत पाहुण्यांनी घर भरलं होतं, तेव्हा गणिताच्या बाई मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "आमच्या ताईंना या वयात प्रेमाचे उमाळे येतात हो! पिशवी भरभरून कादंबऱ्या आणतात." सगळे खो खो हसले. मेट्रनबाई उठून आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून अबोला. जिन्यात समोरासमोर आल्या, तरी एक भिंतीकडे बघायची, दुसरी पायऱ्यांकडे.

आणि आता तर मेट्रनबाईंचं सामान बांधून होत आलं होतं. मुलानं त्यांना दूरच्या शहरात कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. सुट्टी संपली, की खालच्या घराला कुलूप लागणार. वरून पावलांचा आवाज आला, की त्या वाचता वाचता थांबत, छताकडे बघत आणि मग पुन्हा माझ्यात मान घालत. न बोलता निघून जायचं हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. पण आधी कोण बोलणार?

वाचता वाचता त्या शेवटाशी आल्या. टपालवाल्या बाईची बदली झाली आहे, ती निघाली आहे, घड्याळजी दुकान उघडं टाकून धावत सुटला आहे. मेट्रनबाईंनी श्वास रोखून पान उलटलं, तर पिठाच्या पोत्यांमध्ये उभा राहून एक कॅप्टन बेकरीवालीला अंगठी देतोय!

"हा मेला कुठून टपकला?" मेट्रनबाई ताडकन उठून बसल्या.

त्या तशाच वाचनालयात पोचल्या. तिथल्या बाई दाराला कुलूपच लावत होत्या. त्यांनी मला उलटंसुलटं केलं आणि कपाळावर हात मारला. "काकांनी घोळ घातला वाटतं. तुमचा शेवट त्या बेकरीवालीच्या कादंबरीत असणार. पण ती तर तुमच्याच घरी आहे की! तुमच्या जाऊबाईंनी नेलीय."

"कुणी? तिनं?"

"अय्या, बोलून बसले मी! घरी सांगू नका म्हणून बजावलं होतं हो त्यांनी. कितीतरी वर्षं नेतात त्या. वर्तमानपत्रात गुंडाळून."

मेट्रनबाई तडक मागे वळल्या. मला शालीखाली घेऊन घरी आल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या. त्यांचं काळीज धडधडत होतं, मला ते माझ्या पुठ्ठ्याला जाणवत होतं. एक पायरी चढल्या. पुन्हा खाली उतरल्या. "मी का जाऊ? हसली ती होती," असं स्वतःशी पुटपुटल्या. मग दाराशी बांधून ठेवलेल्या ट्रंकेकडे त्यांची नजर गेली आणि त्या कठडा धरून चढू लागल्या.

अर्ध्या जिन्यात त्या थबकल्या, कारण वरून गणिताच्या बाई उतरत होत्या. त्यांच्याही हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. या वेळी कुणी भिंतीकडे बघितलं नाही.

"ताई..." गणिताच्या बाई म्हणाल्या. "मी वाचनालयाच्या बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तुम्ही आत्ताच येऊन गेलात. माझ्याकडे... माझ्याकडे घड्याळजी आलाय."

"माहीत आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुझा कॅप्टन माझ्याकडे बसलाय."

दोघींनी हसू आवरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हसता हसता गणिताच्या बाई मटकन पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "त्या दिवशी पाहुण्यांनी माझी पिशवी बघितली होती, ताई. त्यातल्या कादंबऱ्या माझ्या होत्या. गणिताची बाई असली पुस्तकं वाचते म्हणून मला हसतील, या भीतीनं मी तुमचं नाव पुढे केलं. नंतर रोज वाटायचं, खाली जावं आणि पाय धरावेत. पण तोंड कुठलं दाखवू?"

मेट्रनबाई हळूच तिच्या शेजारी टेकल्या. "लोक हसले त्याचं काही नाही गं. हसवणारी तू होतीस, ते लागलं." मग शालीचा पदर पुढे करून म्हणाल्या, "पूस डोळे. आणि एवढी वर्षं एकटी चोरून वाचत बसलीस? मला द्यायचीस की!"

मित्रांनो, त्या क्षणी मला बाइंडरकाकांच्या मिशांचा पापा घ्यावासा वाटला. त्यांनी चोख काम केलं असतं, तर या दोघी आपापल्या दारामागे बसून आपापला शेवट वाचून मोकळ्या झाल्या असत्या.

उरलेली सुट्टी दोघींनी एका पांघरुणात काढली. वरच्या स्वयंपाकघरात भाजी करपली, तरी कुणी उठलं नाही. गणिताच्या बाईंचे यजमान मुकाट्यानं पातेली घासत होते. दोघींनी बेकरीवालीचं लग्न लावून दिलं, कॅप्टनच्या स्वभावावरून यथेच्छ भांडल्या, मग माझी गोष्ट पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतली. घड्याळजीला तर त्यांनी असं फैलावर घेतलं, की मलाच त्याची दया आली. पुन्हा शेवट जवळ आला, तोच मुलगा गाडी घेऊन दाराशी येऊन उभा राहिला.

"वाचून टाकू पटकन, ताई," गणिताच्या बाई म्हणाल्या. "एकच फर्मा तर आहे."

मेट्रनबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. "नको. राहू दे. मला फोनवर वाचून दाखव. रोज एक पान."

"रोज?"

"तिथं माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही गं," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि कधी कुणापुढे न रडलेली ती बाई जावेच्या खांद्यावर मान टाकून रडली.

आता आम्ही दोघी कादंबऱ्या वरच्या मजल्यावर फोनशेजारी असतो. शाळा सुटली, की गणिताच्या बाई फोन लावतात. सुरुवातीला एक पान व्हायचं, मग अर्ध्यावर आलं. हल्ली एक वाक्य वाचतात आणि बाकीचा वेळ सून काय म्हणाली, गुडघा कसा आहे, तिकडच्या दुधाला चव आहे का, हेच चालतं. वाचनालयाच्या बाई पुस्तकं मागायला आल्या होत्या. बाइंडरकाकाही चूक दुरुस्त करून देतो म्हणत बरोबर आले होते. दारातच त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं आणि दोघं पाय न वाजवता माघारी फिरले. काका जिन्यात चष्मा पुसत होते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पुस्तकाची पानं दुमडू नका, ओल्या हातानं धरू नका, उसवलं तर कपाटामागे टाकू नका. आणि सुट्टीत कुणी प्रेमाची गोष्ट वाचत बसलं असेल, तर त्या माणसाला हसू नका. बाकी मला आयुष्यानं काही कमी केलेलं नाही. घड्याळजी अजून धावतोच आहे, टपालवाली बाई अजून निघतेच आहे. काल गणिताच्या बाई म्हणाल्या, "ताई, आज वाचायचं राहिलंच की हो!" आणि पलीकडून आवाज आला, "राहू दे गं. उद्या फोन करशील ना?"