ठिणगी न पाडणारा

मी एक जुना हातोडा आहे. नाही, थांबा. हातोडा मी नंतर झालो. आधी मी खडकात होतो.

तेही अर्धेच खरे. माझे बहुतेक अंग तांब्याचे आहे आणि शंभरातले जेमतेम दोन भाग बेरिलियम या धातूचे. पण मित्रांनो, माझा स्वभाव त्या दोन भागांचा. ते बेरिल नावाच्या खनिजातून आले. अंगठीतला हिरवा पाचूही बेरिलच. म्हणजे तो माझा चुलतभाऊ. तो मखमलीवर बसतो, मी दणके देतो.

नातेवाइकांचे एकदाच सांगून टाकतो. शुद्ध बेरिलियम ॲल्युमिनियमहून हलके आणि पोलादाहून ताठ. क्ष-किरण त्यातून सहज आरपार जातात, म्हणून एक आतेबहीण क्ष-किरण यंत्राची खिडकी झाली. एक काका आरसा होऊन अंतराळात गेला. तिथल्या कडाक्याच्या थंडीतही त्याचा आकार बिघडत नाही.

मी गॅसच्या कारखान्यात गेलो. तिथे लोखंडी हातोड्याला बंदी. त्याची एक ठिणगी, आणि गॅस गळत असेल तर पुढचे सांगायला कोणी उरत नाही. माझी तशी ठिणगी पडत नाही. अडकलेले व्हॉल्व्ह, गंजलेली झाकणे, सगळीकडे तिथले एक मिस्त्री मलाच नेत. त्यांची मुलगी त्याच कारखान्यात फिटर झाली, तेव्हा तिच्या हाती त्यांनी पहिल्यांदा मलाच दिले.

आता ग्राइंडरचे सांगतो. नको, आधी कानांचे.

दणके देऊन देऊन माझ्या तोंडाच्या कडा फुलून कानांसारख्या बाहेर आल्या होत्या.

"बाबा, याला कान फुटलेत," मुलगी म्हणाली.

"मलाही फुटलेत. म्हणून तर घरी बसवतायत."

मिस्त्री निवृत्त होणार होते. मुलीने मनात ठरवले, हातोडा घासून चकचकीत करायचा आणि निरोपाला बाबांच्या हातात ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत ती मला गॅसपासून लांब, मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. दार लोटले. घासायच्या चाकाचा ग्राइंडर सुरू केला.

मित्रांनो, मी अखंड असेन तर मला खुशाल हातात धरा, काही होत नाही. पण माझी भुकटी श्वासातून आत गेली, तर फुप्फुसात ठाण मांडते. मला ओरडायचे होते. हातोड्याला आवाज असतो, पण दुसऱ्या कशावर आपटल्यावर.

पोलाद असते तर ठिणग्यांचा फवारा उडाला असता आणि ती मागे सरली असती. माझी एकही उडाली नाही. ती पुढे वाकली. अगदी जवळ.

तेवढ्यात ग्राइंडर थांबला. मिस्त्रींनी बाहेरून मेन स्विच पाडला होता.

"बाहेर ये. कपडे झटकू नकोस."

"बाबा, सगळा विचका केलात. तुम्हाला कसं कळलं?"

"ग्राइंडर ओरडतोय आणि खिडकीत एक ठिणगी नाही. दुसरं काय घासत असणार तू?"

"तांबंच तर आहे."

"नुसतं तांबं असतं, तर केव्हाच चपटं झालं असतं. ठिणगीचं शिकवलं तुला. भुकटीचं राहिलं गं माझं."

शेड बंद झाली. मास्क घातलेल्या माणसांनी ओल्या फडक्याने ती पुसली, झाडू लावला नाही. डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही, पण असली भुकटी कधी कधी कित्येक वर्षांनी डोके वर काढते. तपासायला येत राहा.

आता मी कारखान्यात खुंटीवर आहे. तोंडाची एक कड लखलखते. नवे लोक म्हणतात, छान चमकतोय. त्या चमकेइतका मी कमी झालो आहे, आणि तो कमी झालेला मी कुठे गेलो, ते मला माहीत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. माझ्यासारखा कोणी झिजला, तर घरात, शेडमध्ये घासू नका, कापू नका. ज्यांच्याकडे त्याची बंदिस्त सोय आहे, त्यांच्याकडे पाठवा. आणि कोणाला हत्यार हाती द्याल, तर त्याच्याबद्दलचे सगळे सांगा, अर्धे नको.

मुलगी रोज खालून जाते. मान वर करून म्हणते, "काय रे, बरा आहेस?"

आज ती बोलण्याआधी खोकली. सर्दी असेल. असावी. मी खुंटीवर हललो नाही, पुन्हा ऐकू येते का बघत राहिलो.