कादंबरीतली आई

अगाथाने पुसलेलाच कप पुन्हा पुसायला घेतला. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ती आणि सिंकपाशी उभ्या असलेल्या नेटाकाकू, दोघीच उरल्या होत्या. वर नुकतंच अगाथाच्या कादंबरीचं वाचन झालं होतं. दारुडा मुलगा बर्फातून घरी येतो, दार उघडत नाही म्हणून परत फिरतो आणि आई अनवाणी धावत जाऊन त्याला मिठी मारते. त्या पानाला निम्म्या बायकांनी डोळे पुसले. शुभवर्तमान म्हणजे दुसरं काय असतं, असं पास्टरही म्हणाले.

अगाथाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गोष्ट नेटाकाकूंची होती. प्रार्थनेच्या बैठकीत, तिचाच हात धरून, रडत सांगितलेली. तिथलं बोलणं बाहेर काढायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय काकू धावल्या नव्हत्याच. त्यांचा मुलगा कॉर्नी पायरीवरून हाका मारत होता आणि त्या कानावर उशी दाबून पडून राहिल्या होत्या. तो गेला तो गेलाच.

"काकू, चुकले मी. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवं होतं की. आता विचारून काय उपयोग?" काकूंनी विसळलेली बशी तिच्या हातात दिली. "कॉर्नीचा फोन आला होता."

इतक्या वर्षांत त्याचा एक शब्द आला नव्हता.

"तिकडे विनिपेग शहरात कुणीतरी त्याला तुझं पुस्तक दिलं. म्हणाला, आई, मी गेल्यावर तू खरंच मागे धावलीस का गं?"

"मग?"

"हो म्हटलं. धावले, पण तू दिसला नाहीस, म्हटलं." काकूंनी नळ बंद केला. "रडला गं तो. रविवारी जेवायला येतोय."

अगाथा त्यांच्याकडे वळली.

"काकू, त्याला खरं सांगा ना. तो माफ करेल तुम्हाला."

"ते तुझ्या पुस्तकात." काकूंनी ओले हात एप्रनला पुसले. "माझं हे एकच पोर आहे. तूही ये रविवारी. तो तुला विचारल्याशिवाय राहायचा नाही. काकूंनी मला असंच सांगितलं होतं, म्हणायचं. एवढं लिहिलंस, आता एक वाक्य बोलायला जड जातंय?"

नाही म्हणायचा हक्क आपण कधीच गमावून बसलोय, हे अगाथाला कळून चुकलं. तिने बशी फळीवर ठेवली.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.