मलिकानं लावलेली टेप

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी बांगड्या विकतो. मी चाँद पाशा मणियार. जीपच्या हादऱ्यांनी डब्यांची झाकणं उघडतात, म्हणून निघण्याआधी प्रत्येक पत्र्याच्या डब्याला पारदर्शक टेपचे दोन वेढे द्यावे लागतात. हे काम माझी बायको मलिका करायची. आता मी करतो आणि टेपवर खेकसतो.

टेप म्हणजे हट्टी जात. आपण सरळ ओढावी, तर ही अडते, ताणते, एकदम सुटते, पुन्हा अडते. कर्रकर्र करून घर डोक्यावर घेते आणि जिथं अडली तिथं आडवी पांढरी रेघ सोडते. माझी लेक अलमास परभणीला विज्ञान शिकवते. फोनवर म्हणाली, "अब्बा, अगदी सावकाश ओढली तर टेप गुमान येते. झटक्यात ओढली तरी येते. मधल्या वेगातच ती अडत-सुटत येते." मधला वेग म्हणजे माझाच. एवढं सांगून ती तासाला गेली. घरात पुन्हा मी आणि डबे.

मलिकाला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती इतकी हळू ओढायची की शेजारच्या खोलीत ऐकूही येत नसे. तिच्या टेपवर रेघ म्हणून नसायची.

तिनं बंद केलेला एकच डबा उरला होता. ती गेल्याला वर्ष होत आलं. तो डबा मी दर बाजारी नेतो आणि न उघडता परत आणतो. लोक म्हणतात, म्हातारा खुळावला. म्हणू द्या.

मागच्या बाजारी जुनी गिऱ्हाईक जनकाबाई आली. तिच्या लेकीचं, राणीचं ओटीभरण होतं. लहान मापाच्या हिरव्या बांगड्या हव्या होत्या.

"न्हाईत," मी म्हणालो.

"त्या डब्यात काय हाय मंग?"

"तो उघडायचा न्हाई."

"काहून?"

मला रागच आला. पण तिनं डब्यावरच्या बिनरेघेच्या टेपवरून बोट फिरवलं. "मलिकाबीचा हात हाय व्हय हा? राहू द्या चाचा. दुसरीकडं बघते."

ती वळली आणि मला मलिकापुढंच लाज वाटली. तिनं राणीला मोकळ्या हातांनी बसू दिलं नसतं.

"थांबा," मी म्हणालो. "पण घाई करू नका."

नखानं टोक उचललं. भीती एकच होती. काढताना टेप अडली-सुटली, तर माझ्या रेघा तिच्यावर उमटतील, मग मलिकाची म्हणून काय उरणार? श्वास धरून ओढत राहिलो. मनगट भरून आलं. जनकाबाई ऊन चुकवत शेजारी बसून राहिली. टेपनं हूं की चूं केलं नाही.

हिरव्या बांगड्या घेऊन ती गेली. मी टेप उजेडाकडे धरली. सगळी नितळ. फक्त आतल्या वेढ्यात एक पांढरी रेघ होती.

ती माझी नव्हती. तिच्या शेवटच्या बाजाराच्या सकाळी मी दारासमोरच्या जीपपाशी उभा राहून ओरडलो होतो, "मलिका, झालं का?" तिनं हात थांबवला होता, "येऊन राहिले" म्हणाली होती आणि मग उरलेली टेप ओढली होती. तेवढ्यापुरती ती थांबली होती, मला उत्तर द्यायला.

भर बाजारात मला रडू आलं. बाजार उठत होता. जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत ओरडला, "चाचा, झालं का?"

टेपवरचा हात तसाच ठेवून मी म्हणालो, "येऊन राहिलो."