गप्प बसण्याची जागा

हिवाळा आला की त्या शहराला कलेचं भरतं येई. एका दाराशी गाण्याच्या तिकिटांची रांग, दुसऱ्या दाराशी चित्रांचं प्रदर्शन, आणि नाट्यगृहाबाहेरच्या रंगवलेल्या फलकावर पुरुषभर उंच ताईचा चेहरा.

"बघ गं, किती सुरकुत्या काढल्यात मेल्यानं!" ताई म्हणाली. धाकटीला बरं वाटलं. आज निदान स्वतःचा चेहरा ओळखला होता तिनं.

ताई नटी आणि धाकटी बहीण तिची जन्माची प्रॉम्प्टर. पूर्वी ती विंगेतल्या स्टुलावर नुसती सोबतीला बसायची. यंदा घास भरवावा तसं वाक्य न् वाक्य भरवत होती. दिग्दर्शकाला वास लागलाच.

"मावशी, ताई आणखी एकदा अडखळल्या, तर सुनेचं काम करणारीला त्यांच्या जागी उभी करीन. ताईंना घरी बसवा."

घरी? घरी ताईला स्वयंपाकघर सापडत नव्हतं. रंगमंचावर मात्र दार, खुर्ची, खिडकी सगळं बरोबर सापडायचं. धाकटीनं मूठ झाकलेलीच ठेवली.

नाटकात तिसऱ्या अंकात मुलगा गेल्याची बातमी येते. आई झालेली ताई कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणते, "चला, जेवून घ्या सगळे." त्या गप्प बसण्यासाठी लोक तिकिटं काढत. तिथं प्रॉम्प्टरनं संहिता मिटायची आणि ओठ शिवायचे, हा दोघींचा जुना करार. तरुणपणी एकदा धाकटीनं तिथं वाक्य पुरवलं, तर ताईनं आठवडाभर अबोला धरला होता.

त्या संध्याकाळीही तिनं संहिता मिटली. काय ताणतेय बया! अभिमानानं धाकटीचा ऊर भरून आला. मग तिला दिसलं, ताई तिच्याकडेच बघतेय, गर्दीत हात सुटलेल्या पोरीसारखी. घाईघाईनं पानं उलटेपर्यंत ताई बोललीच.

"अगं, आई कुठे गेली?"

नाट्यगृहात हुंदके फुटले. पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावतच आला.

"मावशी, काय सुचलं हो ताईंना! मुलगा गेला आणि आई आपलीच आई शोधतेय! आता रोज हेच वाक्य." जुनं खोडून त्यानं लगेच नवं लिहिलंसुद्धा.

धाकटीनं मूग गिळले. टाळ्या पडत होत्या तोवर ताई नटी होती.

दुसऱ्या संध्याकाळी तीच जागा आली. आज मात्र धाकटीला त्या शांततेचा भरवसा वाटेना. करार मोडून ती कुजबुजली, "आई कुठे गेली?"

ताई ढिम्म. धाकटीनं जरा मोठ्यानं म्हटलं, "आई कुठे गेली?"

ताई वळली. भरल्या नाट्यगृहाकडे पाठ करून विंगेपर्यंत आली, वाकली आणि धाकटीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "येईल हं, बाळा. रडू नकोस. मी आहे ना."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. समोरच्या विंगेतून दिग्दर्शकानं पडदा पाडायची खूण केली. त्याच्या मागे सुनेचं काम करणारी आतापासूनच केस सारखे करत होती.

धाकटीनं संहिता मिटली आणि ताईचा हात धरला. "चल ताई, जेवून घेऊ."

ताई थबकली. मान तिरकी करून, जुन्या जाणकार नजरेनं तिनं बहिणीकडे पाहिलं.

"छान म्हटलंस गं. कुठल्या नाटकातलं?"